लांब पल्ल्याच्या रायफल मॅचसाठी पहिली खरेदी: आधी काय, नंतर काय

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींत आता प्रिसिजन रायफल मॅचची आवड असलेले लोक भेटू लागले आहेत, आणि नव्याने येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "कोणती रायफल घेऊ?" प्रश्न रायफलीपासून सुरू झाला की निम्म्याहून जास्त बजेट तिथेच संपतं, आणि उरलेल्यात स्कोप, बॅग, गोळ्या कशाबशा बसवाव्या लागतात. मला हा क्रम उलटा वाटतो. आजकाल दुकानात मिळणारी साधी फॅक्टरी रायफलही नवख्या नेमबाजापेक्षा अचूक असते. नवख्याचे नेम चुकतात ते बैठक डळमळल्यामुळे, वारा न कळल्यामुळे आणि गोळी नेमकी कुठे पडली हे न दिसल्यामुळे. म्हणून पैसा आधी त्या वस्तूंवर घाला ज्या रायफल स्थिर ठेवतात आणि ज्या गोळीचा ठावठिकाणा सांगतात. बाकीचं मागून येऊ द्या.

या मॅच नेमक्या कशा असतात ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर बालेवाडीची रेंज येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते 50 मीटर रायफलमध्ये. तिथे अंतर ठरलेलं, लक्ष्य ठरलेलं, शरीराची स्थितीही नियमाने ठरलेली. म्हणून जाड जॅकेट आणि खास बूट हीच तिथली मोठी खरेदी. 2012 मध्ये सुरू झालेल्या प्रिसिजन रायफल सिरीजच्या, म्हणजे पीआरएसच्या मॅचमध्ये यातलं काहीच ठरलेलं नसतं. एका स्टेजला साधारण 90 ते 120 सेकंद मिळतात. तेवढ्यात लाकडी बॅरिकेड, ट्रकचं टायर, उतरतं छप्पर, शिडी अशा कशावर तरी रायफल टेकवून आठ-दहा गोळ्या झाडायच्या. लोखंडी प्लेट 300 यार्डांपासून 1000 यार्डांच्याही पुढे टांगलेल्या. प्लेट वाजली तर गुण, नाहीतर शून्य. एका दिवसाच्या क्लब मॅचमध्ये असे आठ-दहा स्टेज असतात.

खरेदीच्या आधी: व्हिसा आणि कपाट

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. एच-1बी, एल-1, एफ-1, एच-4 अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई आहे. कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याने रीतसर दिलेलं आणि चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. पण इथे चूक झाली तर ग्रीन कार्डाच्या अर्जापर्यंत त्याचे परिणाम पोचू शकतात. तेव्हा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. इमिग्रेशन वकिलाला फी देऊन विचारा. त्या फीला मी या खेळातला पहिला खर्च मानतो. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक लायसन्सधारक दुकानातून फॉर्म 4473 भरून, पार्श्वभूमी तपासणी होऊन रायफल घेऊ शकतात. राज्याचे नियम त्यावर वेगळे. आपली माणसं जिथे जास्त आहेत त्या न्यू जर्सीत फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड. या कार्डांना वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करून ठेवा.

दुसरं, रायफल घरात येण्याआधी कुलपाचं लोखंडी कपाट आलं पाहिजे. घरात लहान मुलं असतात, त्यांचे मित्र येतात, भारतातून आई-बाबा सहा महिने राहायला येतात. रायफल कपाटात रिकामी, बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढून वेगळा, गोळ्या दुसऱ्या कुलपात. यात काटकसर करू नये.

पहिले शंभर डॉलर: कान, डोळे, चेंबर फ्लॅग

मॅचमधल्या बहुतेक रायफलींना मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारा छिद्रांचा तुकडा, लावलेला असतो. त्याने धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला फेकला जातो, आणि शेजारी उभ्या माणसाला तो झाडणाऱ्याइतकाच, कधी जास्तच बसतो. रायफलीच्या एका बाराचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास जातो. एवढ्या आवाजाने कानाला झालेली इजा भरून येत नाही. म्हणून दुहेरी संरक्षण घ्या: कानात फोमचे बोळे आणि वर इलेक्ट्रॉनिक इअरमफ. इलेक्ट्रॉनिक अशासाठी की रेंज ऑफिसरच्या सूचना ऐकू यायला हव्यात. साठ-सत्तर डॉलरचा इअरमफ पुरतो. सोबत सेफ्टी चष्मा आणि चेंबर फ्लॅग, म्हणजे चेंबर (रायफलीत गोळी बसते ती जागा) रिकामा आहे हे लांबून दिसावं म्हणून त्यात खोचायची प्लॅस्टिकची रंगीत पट्टी. दोन-तीन डॉलरची वस्तू, पण मॅचमध्ये तिच्याशिवाय रायफल बाहेर काढू देत नाहीत.

एवढं घेऊन एका मॅचला नुसते जा. रायफल नको. मॅच डिरेक्टरला आधी मेल करून सांगा की बघायला यायचंय, प्लेट रंगवायला आणि गुण लिहायला मदत करीन. एखाद्या स्क्वॉडबरोबर, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या नेमबाजांच्या गटाबरोबर, दिवसभर फिरा. या खेळातली माणसं उपकरणांच्या बाबतीत कमालीची उदार आहेत. दुपारपर्यंत कुणीतरी स्वतःची रायफल आणि पाच गोळ्या तुमच्या हातात देईलच. व्हिसाचा मुद्दा मिटलेला असेल तरच ती हातात घ्या. वेगवेगळ्या लोकांच्या स्कोपमधून बघा, बॅगा दाबून बघा, वजनं उचलून बघा. पाच व्हिडिओ पाहून जे कळत नाही ते एका दुपारी कळतं.

.22 की मोठं कॅलिबर?

घराजवळ 100-200 यार्डांचीच रेंज असेल, किंवा महिन्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर .22 एलआर या छोट्या, स्वस्त काडतुसाने सुरुवात करा. एनआरएल-22 या .22 रायफलींच्या मॅचमालिकेत देशभरातल्या क्लबांना दर महिन्याला एकसारखे स्टेज दिले जातात आणि सगळं 100 यार्डांच्या आत होतं. ही मुलांची मॅच आहे असं समजू नका. ताशी 10 मैल वेगाच्या आडव्या वाऱ्यात .22 ची साधारण 1070 फूट प्रतिसेकंद वेगाची गोळी 200 यार्डांवर दोन मिलहून जास्त सरकते (मिल हे कोनाचं माप, त्याचा हिशोब स्कोपच्या भागात आहे), तर 6.5 क्रीडमूर या मोठ्या काडतुसाची 140 ग्रेन वजनाची गोळी जवळपास तेवढीच सरकायला 1000 यार्ड घेते. खाली पडण्याचंही तसंच: दोघींसाठी स्कोपची चकती आठ-नऊ मिलच्या आसपास फिरवावी लागते. म्हणजे हजार यार्डांचा वारा वाचण्याचा सराव दोनशे यार्डांच्या रेंजवर होतो. .22 ची गोळी दहा ते पस्तीस सेंटची, तर 6.5 क्रीडमूरची मॅच दर्जाची गोळी दीड ते अडीच डॉलरची.

मोठ्या कॅलिबरमध्ये उतरायचंच असेल तर पहिली रायफल 6.5 क्रीडमूर. स्क्वॉडमधले मुरलेले लोक 6 मिलिमीटरच्या डॅशर, जीटी, बीआर अशा काडतुसांबद्दल बोलतील. धक्का कमी असल्याने ती खरोखर चांगली आहेत, पण बहुतेकांसाठी गोळ्या घरी भराव्या लागतात आणि बॅरल (रायफलीची नळी) लवकर झिजतं. 6.5 क्रीडमूरच्या गोळ्या सगळीकडे मिळतात आणि बॅरल साधारण दोन-तीन हजार गोळ्या मॅचची अचूकता टिकवतं. गोळ्यांचा खर्च फारच खुपत असेल तर .223 सुद्धा उत्तम पर्याय आहे. पीआरएसच्या टॅक्टिकल डिव्हिजनमध्ये .223 आणि .308 हीच दोन काडतुसं चालतात.

रायफलीबद्दल मी फार बोलणार नाही. बर्गारा बी-14 एचएमआर, टिका, रुगर प्रिसिजन रायफल, .22 मध्ये सीझेड 457 किंवा टिका टी1एक्स; यातलं काहीही घ्या. मोठ्या कॅलिबरमध्ये तीन गोष्टी मात्र बघा: एआयसीएस पद्धतीची मॅगझिन, म्हणजे गोळ्यांच्या पेट्या, बसतात का (ती सगळ्यांकडे असतात, अडलं तर उसनी मिळतात), वर 20 एमओएचा (एमओए हेही मिलसारखंच कोनाचं माप) उतार दिलेली रेल, म्हणजे स्कोप बसवायची पट्टी, आहे का, आणि गालाचा टेका वर-खाली होतो का. तिसरी गोष्ट नसेल तर फोम आणि टेप लावूनही काम भागतं. दहा गोळ्यांची दोन मॅगझिन घ्या. पीआरएसची प्रॉडक्शन डिव्हिजन नव्या लोकांसाठी सोयीची आहे, पण तिच्यात किमतीची मर्यादा असते आणि ती बदलत राहते. त्या वर्षीचे नियम वाचूनच रायफल ठरवा.

स्कोप: इथे हात आखडता घेऊ नका

रायफलीला जेवढे पैसे, किमान तेवढेच स्कोपला. बाराशेच्या रायफलीवर तीनशेचा स्कोप लावण्यापेक्षा नऊशेची रायफल आणि नऊशेचा स्कोप ही जोडी नक्कीच जास्त प्लेट वाजवते. कारण स्कोप या खेळात दुर्बिणीपेक्षा मोजपट्टीचं काम जास्त करतो. एका स्टेजमध्ये तुम्ही टरेट, म्हणजे स्कोपवरची आकड्यांची चकती, 2.1 वरून 6.4 वर, पुन्हा 3.8 वर फिरवणार. प्रत्येक वेळी आतली भिंगं बरोबर तेवढीच हलली पाहिजेत आणि शेवटी शून्यावर परत आली पाहिजेत. स्वस्त स्कोप इथेच दगा देतात, आणि वाईट हे की दोष स्कोपचा आहे हे नवख्याला कळत नाही. तो बिचारा स्वतःचा ट्रिगर सुधारत बसतो.

काय बघायचं ते सांगतो. रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणारी खुणांची जाळी, फर्स्ट फोकल प्लेनचं हवं, म्हणजे झूम कितीही असला तरी रेटिकलवरच्या खुणांचं माप बदलत नाही. खुणा आणि टरेट दोन्ही मिलमध्ये हवेत. एमओए वाईट आहे असं नाही, पण स्क्वॉडमध्ये सगळे मिलमध्येच बोलतात. "तीन दशांश डावीकडे धर" असं कुणी सांगितलं की मनात गुणाकार करायला वेळ नसतो. 1 मिल म्हणजे 100 यार्डांवर 3.6 इंच, 1000 यार्डांवर 36 इंच. एवढं पाठ करा. टरेटला झीरो स्टॉप, म्हणजे शून्यावर थांबवणारा अडसर, हवा, नाहीतर घाईत एक पूर्ण फेरा चुकतो आणि सगळा स्टेज हातातून जातो. पॅरलॅक्सची, म्हणजे लक्ष्याच्या अंतरानुसार जुळवायची, चकती हवी, आणि .22 वर लावणार असाल तर ती 25 यार्डांपर्यंत खाली आली पाहिजे.

झूमच्या मोहात पडू नका. 5-25 पुष्कळ झाला, कारण बॅरिकेडवर बहुतेक लोक 12 ते 16 च्या दरम्यानच ठेवतात. त्याहून वाढवला तर दिसणारा भाग आक्रसतो, पुढची प्लेट शोधण्यात सेकंद जातात, आणि बार झाल्यावर गोळी कुठे आदळली तेही दिसत नाही. गोळी आदळताना स्वतः पाहणं ही या खेळातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. प्लेटच्या डाव्या कडेला धूळ उडालेली दिसली तर दुसऱ्या गोळीला वाऱ्याची दुरुस्ती करता येते.

व्होर्टेक्स व्हायपर पीएसटीची दुसरी पिढी किंवा ॲथलॉन एरेस ईटीआर यांच्या पट्ट्यातला स्कोप पहिली काही वर्षं सहज काढतो. आणखी हात आखडायचा असेल तर आर्केनचे स्कोप बरेच नवे लोक वापरतात. ते वजनाला जड आहेत, पण या खेळात वजन आडवं येत नाही.

स्कोपबरोबर लगेच टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच स्क्रू पिळणारा पाना) आणि बऱ्यापैकी माउंट (स्कोप रायफलीवर धरणाऱ्या रिंगांचा जोड) घ्या. स्क्रू अंदाजाने पिळले तर एकतर स्कोप रिंगमध्ये सरकतो किंवा नळी चेपते. रिंगच्या टोप्यांचे स्क्रू साधारण 15 ते 20 इंच-पाउंडांवर घट्ट करतात, पण तुमच्या माउंटच्या कंपनीने दिलेला आकडाच खरा धरा. मग ही चाचणी करा: 100 यार्डांवर एका उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ मारा, खालच्या टिंबावर नेम धरून तीन गोळ्या मारा, टरेट 10 मिल वर करा, पुन्हा त्याच टिंबावर नेम धरून तीन गोळ्या. दोन्ही गटांच्या मध्यांमधलं अंतर 36 इंच भरायला हवं आणि वरचा गट रेघेवरच हवा. रेघ सोडून गेला तर स्कोप तिरका बसलाय. अंतर कमी-जास्त भरलं तर तेवढा टक्का नेमाचं गणित करणाऱ्या फोनवरच्या ॲपमध्ये भरता येतो. पण फरक मोठा असेल तर स्कोप परत करा. परतीची मुदत संपण्याआधी ही चाचणी झाली पाहिजे.

बॅग: सव्वाशे डॉलरमध्ये सगळ्यात जास्त गुण

एकच वस्तू सुचवा म्हणून कुणी आग्रह धरला तर मी बॅरिकेड बॅग म्हणेन. आर्मागेडन गिअरची गेम चेंजर सगळ्यांत ओळखीची. वीबॅड आणि इतरांच्याही चांगल्या आहेत. ही बॅग बॅरिकेडवर ठेवायची आणि रायफल तिच्यात रुतवायची. बघायला साधी वस्तू, पण तिच्यामुळे लोखंडी नळी, टायरची कड, छपराचा कोपरा हे सगळं जवळपास एकाच प्रकारची बैठक होऊन जातं.

भरण जड घ्या, वाळूसारखं. हलकं भरण उचलायला सोपं वाटतं, पण रायफल त्याच्यावर तरंगल्यासारखी डोलते. रायफलीचा तोल जिथे साधतो ती जागा, बहुधा मॅगझिनच्या जरा पुढे, बॅगच्या मध्यावर आली पाहिजे. तशी आली की हात सोडले तरी रायफल तिथेच राहते, आणि मग खांद्याने फक्त हलका स्पर्श द्यायचा असतो. नवखे लोक रायफल दाबून, आवळून धरतात आणि हृदयाचे ठोके रेटिकलवर आणतात.

याचा सराव घरातच होतो. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, आणि खुर्चीची पाठ, स्टुलाची बैठक, माळ्याची शिडी यांच्यावर बॅग ठेवून कोरडा ट्रिगर ओढा. .22 रायफल असेल तर कोरडा ट्रिगर चालतो का ते मॅन्युअलमध्ये आधी बघा, नाहीतर स्नॅप कॅप (नकली गोळी) वापरा. घड्याळ लावून उभं राहणं, बॅग ठेवणं, लक्ष्य शोधणं आणि ट्रिगर हे सगळं किती सेकंदांत होतं ते मोजत जा. गोळ्यांवर एक सेंट न घालवता होणारी सगळ्यात मोठी प्रगती हीच, असं माझं ठाम मत आहे.

बायपॉडसाठी, म्हणजे रायफलीच्या पुढच्या दोन पायांसाठी, फार विचार नको. हॅरिसचा 6-9 इंची, बाजूला कलणारा आणि पायांना खाचा असलेला बायपॉड घ्या. पोटावर झोपून झाडायच्या स्टेजला आणि झीरो करायला, म्हणजे स्कोप आणि गोळीचा नेम जुळवायला, तो पुरतो. मागच्या टेक्यासाठी छोटी बॅग जुन्या मोज्यात तांदूळ भरून शिवली तरी चालते.

गोळ्या आणि त्यांचा वेग

एका दिवसाच्या मॅचला 80 ते 100 गोळ्या जातात. पण घेताना एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या, किमान 200 घ्या. खोक्यावर लॉट नंबर छापलेला असतो. लॉट बदलला की वेग बदलतो, आणि त्याची किंमत लांब अंतरावर कळते: 6.5 क्रीडमूरचा वेग 30 फूट प्रतिसेकंदाने कमी झाला तर 1000 यार्डांवर गोळी साधारण 8 इंच खाली जाते. 100 यार्डांवर हा फरक दिसतही नाही. म्हणूनच खोक्यावर छापलेला वेग खरा धरू नका; तो बहुधा कारखान्याच्या चाचणी बॅरलचा असतो, तुमच्या बॅरलचा नव्हे.

वेग मोजायला क्रोनोग्राफ लागतो. 2023 मध्ये गार्मिनचा झीरो सी1 आल्यापासून हे काम फार सोपं झालंय. खिशात मावेल एवढं रडार बाजूला ठेवायचं आणि झाडायचं. पण पहिल्या दिवशी तो विकत घेऊ नका. रेंजवर कुणाकडे तरी असतोच. दहा गोळ्यांसाठी मागा, सरासरी लिहून घ्या.

ती सरासरी, गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशियंट (ती हवा किती सहज कापते त्याचा आकडा), बॅरलच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची आणि त्या दिवसाचं तापमान व हवेचा दाब फोनवरच्या ॲपमध्ये भरा. हॉर्नाडीचं मोफत ॲप पुरेसं आहे. ॲपने दिलेले आकडे, ज्याला सगळे डोप म्हणतात, कागदावर लिहून मनगटावरच्या पट्टीत सरकवा. ॲपवर डोळे मिटून विश्वास नको: 600 आणि शक्य असेल तर 900 यार्डांवर खऱ्या प्लेटवर मारून आकडे पडताळा. 600 ला जुळले आणि 900 ला चुकले तर बहुधा बॅलिस्टिक कोएफिशियंटमध्ये गडबड असते. 600 लाच चुकले तर आधी झीरो आणि मग वेग तपासा.

पहिल्या हंगामात न घेण्याच्या वस्तू

केस्ट्रेलचं बॅलिस्टिक वारामापक यंत्र उत्तम आहे, पण ते तुमच्या हातापाशी वारा मोजतं. 700 यार्डांवरच्या ओढ्याकाठचा वारा गवतावरून आणि मृगजळाच्या लहरींवरून वाचायचा असतो, आणि ती नजर आधी यायला हवी. लेझर रेंजफाइंडरची घाई नको, कारण बहुतेक मॅचमध्ये अंतरं छापून देतात. एनआरएल हंटरसारख्या, लक्ष्य स्वतः शोधायच्या मॅचला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. ट्रायपॉड एखाद-दुसऱ्या स्टेजला लागला तर स्क्वॉडमधून मिळतो. महागडी चॅसिस (रायफलीचा धातूचा सांगाडा), दुसरा ट्रिगर, बॅरलला टांगायची वजनं हे सगळं थांबू शकतं. घरी गोळ्या भरायचं सामान तर नक्कीच थांबू द्या. त्याने पैसे वाचतात हे खरं, पण शिकण्याचे महिने बेंचजवळ जातात.

एक सूचना खास भारतात ये-जा करणाऱ्यांसाठी. रेंजला नेलेली बॅग विमानप्रवासाला कधीही वापरू नका, आणि रेंजचं जॅकेटही नाही. शिवणीत, आतल्या कप्प्यात एखादी गोळी राहून जाते, आणि भारतीय विमानतळावर एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली पोलीस केस होऊ शकते. रेंजची बॅग ठळक रंगाची घ्या आणि ती गराजमधून वर घरात आणूच नका.

पहिल्या दोन-तीन मॅचनंतर पुढची खरेदी ठरवायची पद्धत अशी. प्रत्येक स्टेज संपल्यावर, पुढचा नेमबाज उठण्याआधी, वहीत प्रत्येक चुकलेल्या गोळीचं कारण लिहा: वारा, डळमळ, चुकीचा आकडा, वेळ संपली, कळलं नाही. "डळमळ" जास्त असेल तर बॅगचं भरण किंवा रायफलीचं वजन बघा. "वेळ संपली" जास्त असेल तर काहीच घेऊ नका, घरचा सराव वाढवा. "कळलं नाही" जास्त असेल तर झूम कमी करा, मझल ब्रेक नसेल तर तो लावा. आणि जे घ्याल ते शक्यतो सेकंडहँड घ्या: व्होर्टेक्ससारख्यांची आजीवन वॉरंटी दुसऱ्या मालकालाही लागू असते, बॅगा आणि बायपॉड सहसा बिघडत नाहीत. फक्त जुनी रायफल घेताना बॅरलमधून किती गोळ्या गेल्या ते विचारा. उत्तर मोघम आलं तर नव्या बॅरलचे आणि ते बसवण्याचे पैसे किमतीत धरूनच सौदा करा.